‘अमेरिकन इडियट’ : एक गीतमाला आणि तिचे श्रोते

आरोपाचे गाणे ऐकताना आरोपी कोण, हे श्रोता ज्या त्वरेने ठरवून टाकतो ती मोठी मौजेची असते. आरोप आपल्यावरच असेल, अशी शंका त्याला क्वचितच शिवते. कॅलिफोर्नियातील ‘ग्रीन डे’ या तिघांच्या वाद्यवृंदाची ‘अमेरिकन इडियट’ ही गीतमाला २१ सप्टेंबर २००४ रोजी अमेरिकेत विक्रीस आली. तेव्हापासून तिच्याविषयी श्रोत्यांनी जी मते दिली, ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. ‘इडियट’ म्हणजे मूर्ख, हे सांगावयास नकोच. कोणता मूर्ख, यावरच सारा वाद आहे.

प्रथम ‘पंक’ या प्रकाराविषयी थोडे सांगितले पाहिजे. १९७५ च्या आगेमागे न्यूयॉर्क व लंडन येथे हे संगीत पुढे आले. गिटारवरचे तीन-चार स्वरमेळ, दोन-अडीच मिनिटांचे वेगवान गाणे, घोटीव गळ्याची मुळीच अपेक्षा नाही. ज्याला काही म्हणावयाचे आहे त्याने उस्तादाची वाट न पाहता उभे राहून म्हणावे, हा त्यामागचा विचार. त्याचमुळे या संगीताचा श्रोता स्वतःला नुसता गिऱ्हाईक समजत नाही, तो स्वतःला भागीदार समजतो. आणि भागीदाराचा राग गिऱ्हाइकाच्या रागापेक्षा कडवट असतो.

ग्रीन डेला हा राग फार लवकर अनुभवावा लागला. बर्कली शहरात गिलमन रस्त्यावर ९२४ क्रमांकाची एक जागा आहे. तिथे हौशी मंडळीच तिकिटे फाडीत, झाडलोट करीत आणि मोठ्या कंपन्यांशी करार करणाऱ्यांना रंगमंच देत नसत. ग्रीन डे तिथेच वाढले. पुढे त्यांनी वॉर्नरच्या छत्राखालील ‘रिप्राइज’ कंपनीशी करार केला, १९९४ साली ‘डूकी’ ही त्यांची गीतमाला प्रचंड खपली, आणि घरचे दार बंद झाले. ते पुन्हा उघडले २०१५ साली, आगीत नुकसान झालेल्या एका प्रकाशनसंस्थेच्या मदतीच्या कार्यक्रमासाठी. एकवीस वर्षांचा हा बहिष्कार ध्यानी घेतल्यावाचून पुढील काही मतांतली धार कळावयाची नाही.

२००४ सालचा काळ आठवावा. मार्च २००३ मध्ये इराकवर स्वारी झाली होती, नोव्हेंबरात अध्यक्षीय निवडणूक व्हावयाची होती. ग्रीन डेला सतरा वर्षे होऊन गेली होती आणि त्यांचा बहर ओसरला, असे पुष्कळांना वाटत होते. अशा वेळी तेरा गाण्यांची ही सलग कथा आली. तीत नऊ-नऊ मिनिटांची दोन गाणीही होती. पंकच्या हिशेबाने हा जवळजवळ धर्मभेदच! गीतमाला पहिल्याच आठवड्यात विक्रीच्या यादीत अग्रस्थानी गेली. निवडणूक मात्र बुश यांनी जिंकली.

जुन्या श्रोत्यांपैकी काहींचा आक्षेप असा की, दूरचित्रवाणीने माणसे मूर्ख केली ही तक्रार त्याच दूरचित्रवाणीवरून गाऊन विकावयाची, हे कसले बंड? दुसरा आक्षेप आम्हांस अधिक विचारार्ह वाटतो. उघड राजकीय म्हणावीत अशी गाणी यात दोनच : शीर्षकगीत आणि ‘हॉलिडे’. बुश यांचे नाव तर कोठेही नाही. बाकीची सारी कथा उपनगरातून पळून शहरात आलेल्या, वाहवत गेलेल्या आणि शेवटी मुकाट्याने घरी परतलेल्या एका तरुणाची आहे. मग ही राजकीय कशी? तिला चाहणारे उत्तर देतात की, घराघरांतला तो कंटाळा, ती भीती आणि पडद्यासमोरची ती गुंगी हेच त्या वेळचे राजकारण होते. तेव्हा जे तेरा-चौदा वर्षांचे होते, त्यांतील कित्येक जण आज सांगतात की, युद्धाविषयी पहिला प्रश्न आपल्याला या गाण्यांनीच पडला. आमच्या मते यात तथ्य आहे. मात्र पहिला आक्षेप त्याने पुसला जात नाही.

श्रोते गाण्यात काय घालतात, याचे उत्तम उदाहरण म्हणजे यातील सप्टेंबर महिन्यावरचे संथ गाणे. गायक बिली जो आर्मस्ट्राँग दहा वर्षांचा असताना, १९८२ च्या सप्टेंबरात, त्याचे वडील कर्करोगाने वारले. गाणे त्या दुःखाचे आहे. परंतु २००१ नंतरच्या अमेरिकेत सप्टेंबर म्हणताच न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे आठवणार, हे ओघानेच आले. असंख्यांनी ते गाणे त्या दिवसाचे म्हणून ऐकले. २००५ साली त्याचे चित्रण झाले, त्यात एक तरुण प्रेयसीला मागे ठेवून इराकच्या लढाईवर जातो. त्याच वर्षी ऑगस्टअखेर कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले, तेव्हा कुणा श्रोत्याने वार्तापटांतील दृश्ये या गाण्यावर जुळवून प्रसृत केली आणि ती फार पाहिली गेली. एका मुलाचा बाप गेला, तेवढ्यावर तीन राष्ट्रीय शोक उभे राहिले. याला चुकीचे ऐकणे म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही; त्यांतला एक शोक तर वाद्यवृंदाने स्वतःच्या चित्रणाने उभा केला होता.

याच्या उलट टोकाचे मत २००६ साली ब्रँडन फ्लॉवर्स याने दिले. तो ‘द किलर्स’ या अमेरिकन वाद्यवृंदाचा गायक. इंग्लंडमधील मिल्टन कीन्झ येथे २००५ च्या जूनमध्ये ग्रीन डेचे कार्यक्रम झाले व त्यांचे चित्रणही निघाले. हजारो परदेशी पोरे ‘अमेरिकन मूर्ख’ म्हणून आनंदाने ओरडतात, त्यांना त्यातला आत्मपरीक्षणाचा भाग कळत नाही, आणि हे ठाऊक असूनच ते तिथे गायिले गेले, अशा आशयाची त्याची तक्रार होती. पुष्कळांनी त्याला बावळट देशभक्त ठरविले. आम्हांस मात्र त्याचे बोट बरोबर जागी पडलेले दिसते. घरी जे स्वतःविषयी म्हटलेले असते, ते परक्या गावी दुसऱ्याविषयीचे होते. २०१८ च्या जुलैत अध्यक्ष ट्रम्प इंग्लंडला गेले, तेव्हा तिथल्या लोकांनी मुद्दाम हेच गाणे विकत घेऊन ते विक्रीच्या यादीत पुन्हा चढविले, ते याच रीतीने.

मग २०२३ ची अखेरची रात्र आली. नववर्षाच्या स्वागताचा अमेरिकेतील एक मोठा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर चालू असताना आर्मस्ट्राँगने शीर्षकगीतातील दोन-चार शब्द बदलले आणि ट्रम्प यांच्या अनुयायांकडे सरळ बोट दाखविले. जलशांतून तो हा बदल काही वर्षे करीतच होता. आता तो घरोघर ऐकू गेला. दुसऱ्या दिवशी तक्रारींचा पाऊस पडला : ही मंडळी राजकारणात केव्हापासून पडली? गाणे एकोणीस वर्षांचे होते, आणि तक्रार करणाऱ्यांत ते आवडीने म्हणत आलेलेही होते.