धुराचा हिशेब : पीयूसी गाडीची, शिक्षा कोणाला?

मुंब्रा, कौसा, राबोडी, भिवंडी, कल्याणचा दूधनाका, गोविंदवाडी. आपल्या या वस्त्यांत कोणी रिक्षा चालवतो, कोणाचा टेम्पो आहे, कोणी गोदामाचा माल ट्रकने नेतो, तर कोणाचे गॅरेज आहे. चाकावर घर चालणारी अशी कुटुंबे गल्लीगल्लीत आहेत. म्हणून गाडीच्या धुराचा कायदा हा आपल्यासाठी थेट रोजीचा प्रश्न आहे. आणि बायपासवर रांग लावून उभ्या असलेल्या ट्रकांचा धूर खिडकीतून घरात येतो, तेव्हा तो आपल्या मुलांच्या श्वासाचाही प्रश्न होतो.

२०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावर चिंता व्यक्त केली. त्यानंतर मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बंद करता येतील का, हे तपासायला राज्य सरकारने सात सदस्यांची समिती नेमली. ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि भिवंडी याच प्रदेशात येतात. त्याच वर्षी परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी पीयूसी नसेल तर पंपावर इंधन नाही, असे धोरण आणण्याची घोषणा केली. तेव्हापासून लोक विचारतात की पीयूसी म्हणजे नेमके काय, त्यात काय मोजतात आणि नसेल तर काय होते? हे सगळे आम्ही इथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

पहिले प्रमाणपत्र : कारखान्यातले

कोणतीही नवी गाडी बाजारात येण्याआधी तिच्या मॉडेलची धुराची चाचणी होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये तशी सक्ती आहे. ही चाचणी पुण्याची एआरएआय किंवा सरकारने नेमलेल्या अशाच संस्था करतात. गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या वेगाने चालवतात आणि धूर गोळा करून मोजतात. मॉडेल पास झाले तरच विक्रीला परवानगी मिळते. पुढेही कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांतून नमुने घेऊन तपासणी होते.

ही चाचणी ज्या मापाने होते, त्याला भारत स्टेज म्हणजे बीएस म्हणतात. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ लागू झाले. त्याच्या तीनच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३ गाड्यांची विक्री थांबवली होती. स्वस्तात बाईक मिळते म्हणून मार्चच्या शेवटच्या दोन दिवसांत शोरूमबाहेर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. मग बीएस-५ गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ आले.

फरक किती पडला? बीएस-४ डिझेल कारला एका किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा होती, बीएस-६ मध्ये ती ८० वर आली. बारीक काजळीची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली. इंधनातले गंधकही दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणले गेले. म्हणजे नवी गाडी खरोखरच जुन्या गाडीपेक्षा बरीच स्वच्छ असते. पण ती तशीच राहिली तर.

प्रयोगशाळेत पास, रस्त्यावर नापास

प्रयोगशाळेतल्या चाचणीला फसवता येते, हे २०१५ मध्ये जगाने पाहिले. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत असे सॉफ्टवेअर सापडले की चाचणी चालू आहे हे गाडीला कळायचे आणि तेवढ्यापुरता धूर कमी व्हायचा. प्रकरण अमेरिकेत उघड झाले, पण भारतातही कंपनीला ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड लावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

खरा धूर रस्त्यावरच मोजला पाहिजे, हा विचार यातून बळावला. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा लागू झाला. त्यात कारला मोजणीयंत्र बांधून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून धूर तपासतात.

विमानाचेही असेच आहे. आपण हज-उमराला ज्या विमानाने जातो, त्याच्या इंजिनाचा धूरही आधी तपासलेला असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या नियमांनुसार इंजिन जमिनीवर चार पातळ्यांवर चालवून मोजतात : उड्डाणाला १०० टक्के जोर, वर चढताना ८५, उतरताना ३० आणि धावपट्टीकडे सरकताना ७ टक्के. विमानाला दर वर्षी पीयूसी लागत नाही, कारण त्याच्या इंजिनाची देखभाल ठरलेल्या वेळापत्रकाने करावीच लागते आणि प्रत्येक कामाची नोंद राहते. आपल्या रिक्षा-टेम्पोच्या देखभालीवर असे कोणाचेही लक्ष नसते. ती मालकाच्या मर्जीवर असते. म्हणून गाडी रस्त्यावर आल्यावर तिचा धूर बघणारी नेहमीची तपासणी एकच उरते, ती म्हणजे पीयूसी.

दुसरे प्रमाणपत्र : पीयूसी

नवी गाडी नोंदवल्यापासून पहिले एक वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ती वर्षभर चालते, त्याहून जुन्या गाड्यांना सहा महिने. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला पीयूसी लागतच नाही.

पेट्रोल आणि सीएनजी गाडीची तपासणी इंजिन जागेवर चालू ठेवून होते. सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले इंधन मोजतात. बीएस-४ कारसाठी कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत हवा. डिझेल गाडीत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धूर किती दाट आहे ते पाहतात. जुन्या डिझेल गाडीची मर्यादा धूर-मीटरवर ६५ आहे, बीएस-४ ची ५०.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये सुधारलेले दर असे आहेत : दुचाकी ५० रुपये, पेट्रोल तीनचाकी १००, पेट्रोल-सीएनजी चारचाकी १२५ आणि डिझेल गाडी १५०.

या तपासणीची मर्यादाही समजून घ्या. पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत आणि बारीक कणांचे वजनही करत नाहीत. म्हणजे ही तपासणी तशी ढोबळच आहे. पण तीसुद्धा जी गाडी पास होत नाही, तिच्या इंजिनात नक्कीच बिघाड आहे.

शिक्षा कोणाला?

आता सर्वात महत्त्वाचे. मोटार वाहन कायद्याचे कलम १९०(२) म्हणते की प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी जो चालवतो, किंवा जो चालवायला देतो, ते दोघेही दोषी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवते, त्यामुळे चलनावर आकडा कमी दिसू शकतो. पण कायद्यातली शिक्षा एवढी मोठी आहे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आपल्याकडे असंख्य तरुण सेठची रिक्षा शिफ्टवर चालवतात. पीयूसी काढायचे काम सेठचे, हे खरे. पण नाक्यावर अडवतात ते चालवणाऱ्याला, आणि लायसन्स जाते तेही त्याचेच. तीन महिने लायसन्स नाही म्हणजे तीन महिने चूल कशी पेटवायची हा प्रश्न. म्हणून गाडी हातात घेण्याआधी पीयूसीची तारीख बघा. ‘सेठ बघून घेईल’ असे म्हणून चालणार नाही.

दुसरी गोष्ट पासिंगची. रिक्षा, टेम्पो, ट्रक आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी पासिंग लागते. त्या वेळी चालू पीयूसी दाखवावीच लागते.

काही गैरसमज

‘पीयूसी नसेल तर अपघाताचा विमा मिळत नाही’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत असतो. ते खरे नाही. केवळ पीयूसी नाही म्हणून दावा नाकारता येणार नाही, असे विमा नियामक संस्थेने २०२० मध्येच स्पष्ट केले आहे. पॉलिसीच्या नूतनीकरणाला पीयूसीची अट सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये घातली होती, ती जुलै २०२४ मध्ये मागे घेतली. मात्र पोलिसांचा दंड वेगळा, तो टळत नाही.

‘गाडी सीएनजीवर आहे, पीयूसी कशाला?’ हेही चूक. मुंबईतल्या धुराविरुद्ध नागरिक १९९९ मध्ये उच्च न्यायालयात गेले, लाल समिती बसली आणि त्यातून टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर आल्या. त्याने काळा धूर कमी झाला. पण सीएनजी गाडीचीही ट्युनिंग बिघडते, म्हणून पीयूसी लागतेच. किट नंतर बसवले असेल तर आरसीवर त्याची नोंद करून घ्या.

‘कागद घरी राहिला’ हीही अडचण आता नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली पीयूसी पोलिसांना दाखवता येते.

तपासणीशिवाय मिळालेली पीयूसी

नळी न लावता, फक्त नंबर प्लेटचा फोटो काढून पीयूसी देणारे लोक आहेत. पाच मिनिटांत काम होते, म्हणून आपणही गप्प बसतो. पण जून २०२१ पासून देशभर एकाच नमुन्याची, क्यूआर कोडची पीयूसी आहे आणि तिची नोंद सरकारी प्रणालीत होते. तुमची गाडी निकष मोडते असा संशय आला तर अधिकारी ती पुन्हा तपासायला लावू शकतो. तेव्हा फोटोवाली पीयूसी कामाला येत नाही. पैसेही गेले आणि गाडीही नापास.

त्याच नियमात एक चांगली सोय आहे. गाडी नापास झाली तर केंद्राने कारण लिहिलेली नकाराची चिठ्ठी द्यायची असते. ती मागून घ्या आणि मिस्त्रीला दाखवा. बहुतेक वेळा दोष साधा असतो. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जाते किंवा एअर फिल्टर चोंदला आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. प्लग खराब असेल तर इंधन अर्धवट जळते. हे दुरुस्त केले की धूर कमी होतो आणि ॲव्हरेजही सुधारते. म्हणजे जो धूर बाहेर जातो, त्यात आपलेच इंधनाचे पैसे जळत असतात.

गॅरेजवाल्या भावांनाही एक विनंती. बीएस-६ ट्रकचा युरिया वाचवायला सेन्सर बंद करणे, किंवा आवाज आणि पिकअपसाठी सायलेन्सरमधला कन्व्हर्टर काढून टाकणे, ही कामे घेऊ नका. कारखान्यात मिळालेले पहिले प्रमाणपत्र त्याच क्षणी खोटे ठरते. गिऱ्हाइकाचे चार पैसे वाचतात, पण तो धूर त्याच गल्लीत राहतो.

हवेत फक्त गाड्यांचा धूर आहे असे नाही. कारखाने आहेत, बांधकामाची धूळ आहे, कचऱ्याची आग आहे. त्यावर सरकारने आणि महापालिकांनी काम करायला हवे, आणि ते आपण मागत राहिले पाहिजे. पण आपल्या गाडीचा सायलेन्सर आपल्या हातात आहे. शाळा सुटताना गेटसमोर इंजिन चालू ठेवून उभी असलेली व्हॅन आणि रिक्षा ज्या उंचीवर धूर सोडतात, तीच आपल्या लहान मुलांच्या नाकाची उंची आहे.

म्हणून आज घरातल्या प्रत्येक गाडीची पीयूसी काढून तारीख बघा. संपली असेल तर नळी लावून तपासणाऱ्या केंद्रातच जा. आणि घरात कोणी दुसऱ्याची गाडी चालवत असेल, तर त्याला हा लेख नक्की पाठवा.