पाऊलखुणांचा पसारा – लेखांक ६ : पोस्टकार्डाला पहारा, प्रवासाला नाही

मागच्या लेखांकात आपण मोबाइलच्या सीडीआरपाशी, म्हणजे कॉलच्या नोंदींपाशी, थांबलो होतो. सीडीआर म्हणजे काय, हे आता घरोघरी ठाऊक झालं आहे; ओला-उबरकडे साठत जाणाऱ्या ट्रिपच्या नोंदींबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. टपाल खात्याच्या ताब्यातलं एखादं पोस्टकार्ड तपासासाठी हवं असेल, तर जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी किंवा सत्र वा उच्च न्यायालयाचा आदेश लागतो. पोलीस अधीक्षक फार तर ते शोधून थोपवून ठेवायला सांगू शकतात. टॅक्सीच्या ट्रिपना हा पहारा नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४नुसार पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला तपासासाठी नोंदी गरजेच्या वाटल्या, की त्याचा लेखी आदेश पुरतो, आणि तो इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही चालतो. केंद्राच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनी ॲप कंपन्यांना ही माहिती किमान ३ आणि कमाल २४ महिने भारतातल्या सर्व्हरवर ठेवायला सांगितलं. दोन ओळींच्या पोस्टकार्डाला दंडाधिकारी आणि दोन वर्षांच्या येण्याजाण्याला ठाण्यातलं एक पत्र, ही उतरंड उलटी आहे.

ट्रिपच्या नोंदीत असतं तरी काय? कुठून बसलात, कुठे उतरलात, किती वाजता, कोणत्या रस्त्याने, पैसे कसे दिले. एक ट्रिप पाहिली तर त्यात काहीच नाही. शंभर ट्रिप ओळीने मांडल्या की दर मंगळवारचा डॉक्टर दिसतो, वकिलाचं ऑफिस दिसतं, रात्री अकराला गाठलेलं घर दिसतं. न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली माहितीच्या अधिकाराखाली टॅक्सीच्या सुमारे १७ कोटी ३० लाख फेऱ्यांच्या नोंदी बाहेर आल्या. त्यांत प्रवाशांची नावं नव्हतीच, गाड्यांचे परवाना क्रमांकही सांकेतिक केले होते. संकेत काही तासांत फुटला. मग टॅक्सीत चढणाऱ्या नटनट्यांच्या छापून आलेल्या फोटोंतला गाडीचा क्रमांक आणि वेळ जुळवून लोकांनी ते कुठे उतरले नि टिप किती दिली, इथवर शोधून काढलं. पोलिसांना एवढी खटपटही नको. ॲपच्या नोंदीला नाव आणि फोन नंबर आधीच जोडलेला असतो.

यावर पहिला आक्षेप असा, की माहिती प्रवाशानेच आपणहून कंपनीला दिली, मग तक्रार कसली? या युक्तिवादाचं उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्येच कॅनरा बँकेच्या खटल्यात दिलं आहे. आंध्र प्रदेशने मुद्रांक कायद्यात दुरुस्ती करून जिल्हाधिकाऱ्याने नेमलेल्या कुणालाही बँकेतली कागदपत्रं तपासायची मुभा दिली होती. न्यायालयाने ती रद्द केली. ग्राहकाने कागद बँकेकडे सोपवला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय जवळपास इथेच पोचलं, पण २०१८मध्ये, कार्पेंटर खटल्यात. तिथे १२७ दिवसांत एका माणसाच्या मोबाइलच्या १२,८९८ जागा तपासयंत्रणेच्या हाती आल्या होत्या.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. अपहरण झालंय, मुलगी गाडीत बसल्याचं सीसीटीव्हीत दिसतंय, आणि पोलिसांनी कोर्ट उघडायची वाट बघायची? डिसेंबर २०१४च्या दिल्लीतल्या उबर टॅक्सीमधल्या बलात्कार प्रकरणानंतर हा प्रश्न कुणी हलक्यावारी टाळू नये. अशा वेळी गाडीचं चालू ठिकाण ताबडतोब मिळायलाच हवं. कारण लेखी नोंदवावं आणि दोन दिवसांत दंडाधिकाऱ्यापुढे ठेवावं, एवढंच. पण निकड असते ती आत्ता धावणाऱ्या गाडीची. गेल्या वर्षभराच्या ट्रिप मागवताना घाई कुठून आली? आणि अंकुश ठेवला तर तपास अडतो, हेही अनुभवाला धरून नाही. २०१३मध्ये भाजप नेते अरुण जेटलींचे सीडीआर परस्पर मिळवल्याचं प्रकरण उघड झालं, त्यात दिल्ली पोलिसांतलाच एक शिपाई पकडला गेला. त्यानंतर सीडीआर मागण्याचा अधिकार अधीक्षक दर्जाच्या किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यांपुरता ठेवला गेला. पोलिसांचं काम त्याने बंद पडलं नाही. गैरवापरही थांबला नाही म्हणा: २०१८मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारी टोळी पकडली तेव्हा खासगी गुप्तहेरांबरोबर खात्यातली माणसंही सापडली. म्हणून नुसता अधिकाऱ्याचा हुद्दा वाढवून भागणार नाही. जुन्या ट्रिपसाठी खात्याबाहेरच्या कुणाची, म्हणजे दंडाधिकाऱ्याचीच, सही हवी आणि मागणीत तारखांची मुदत हवी.

तिसरी गोष्ट कळवण्याची. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आपली माहिती कुणाकुणाला दिली, हे कंपनीला विचारायचा हक्क दिला. पण गुन्ह्याच्या तपासासाठी लेखी मागणी करणाऱ्या अधिकृत यंत्रणेला दिलेली माहिती त्यातून वगळली. तपास चालू असेतो हे समजण्यासारखं आहे, संशयिताला आधी सावध कोण करेल? मात्र प्रकरण मिटल्यावरही कधीच कळवायचं नाही, याला कारण दिसत नाही. आणि हा प्रश्न प्रवाशापुरता नाही. प्रवाशाच्या वाट्याला दिवसाच्या दोन ट्रिप येतात. चालकाचा मात्र सबंध दिवस त्या सर्व्हरवर असतो, चहाला थांबला तेवढा वेळसुद्धा. एका प्रवाशाच्या तपासात त्याचीही हजेरी आपोआप पोलिसांकडे जाते, आणि त्याला विचारणारं तर या साखळीत कुणीच नाही.