गाडीवरचा ओरखडा : घरी किती, पेंटरकडे किती?

आंबिया बहराचा माल निघू लागला की वरूड, शेंदूरजना घाट, मोर्शी या पट्ट्यातील व्यापाऱ्यांच्या गाड्या पांदणीने थेट बगिच्यापर्यंत जातात. दोन्ही बाजूंनी बाभळी-बोरीचे काटे, त्यात संत्र्याचा एखादा क्रेट दाराला घासतो. संध्याकाळी घरी येऊन पाहावे तर दारावर वीतभर ओरखडा. मग काही जण घाईघाईने पेंटरकडे जाऊन पूर्ण दार रंगवून घेतात, तर काही जण "हंगाम संपल्यावर पाहू" म्हणून सोडून देतात. पुष्कळदा हे दोन्ही मार्ग महागच पडतात. कोणता ओरखडा आपल्या हाताने निघतो आणि कोणता कारागिराचा आहे, एवढे ओळखता आले तर बराच खर्च वाचतो.

आधी रंगाची रचना समजून घ्यावी. आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर असते. हे सर्व मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एका पानाहून फारशी जास्त नाही. त्यातले लॅकर 40-50 मायक्रॉनचे. म्हणून जोर लावून घासणारा माणूस ओरखड्याआधी लॅकरच काढून बसतो.

गाडी प्रथम भरपूर पाण्याने धुवावी. आपल्याकडची धूळ कोरड्या फडक्याने पुसली तर तीच नवे ओरखडे पाडते. मग ओरखड्यावर पाणी टाकून पाहावे. ओला असताना तो दिसेनासा झाला तर जखम लॅकरपुरतीच आहे. त्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले नाही तर काम घरचे. नख अडकले आणि आत पांढुरका किंवा करडा थर दिसला तर ओरखडा प्रायमरपर्यंत गेला आहे. पत्रा चमकताना दिसला तर मात्र दिवस मोजू नयेत. पावसाळ्यात उघड्या पत्र्याला फार लवकर गंज धरतो आणि तो बाजूच्या रंगाखाली सरकत जातो. आज जे काम काडीभर रंगात भागते, तेच पुढच्या वर्षी पूर्ण दाराचे होते. बंपर बहुधा प्लास्टिकचा असतो, तो गंजत नाही. तिथे घाई नको.

वरवरच्या ओरखड्याला बारीक रबिंग कंपाऊंड पुरते. मऊ सुती कापडावर थोडे घेऊन हातभर नव्हे, बोटभर जागेत हलक्या हाताने घोटावे, पुसावे, पाहावे, मग पुढे. कापडावर गाडीचा रंग उतरू लागला तर थांबावे. जुन्या गाड्यांच्या साध्या रंगावर वेगळे लॅकर नसायचे, तिथे रंगच निघून येतो; आणि नव्या गाडीवर तसे झाले तर लॅकर संपले असे समजावे. टूथपेस्ट लावणारे पुष्कळ आहेत. ती सौम्य घासणी आहे, केसासारख्या रेषा फिक्या करते, त्यापलीकडे काही नाही. नेलपॉलिश तर लावूच नये.

खोल ओरखड्यासाठी गाडीचा रंग क्रमांक लागतो. तो दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली पट्टीवर असतो. उदाहरणार्थ मारुतीच्या सुपीरिअर व्हाईटचा 26U. नुसता "पांढरा द्या" म्हणून आणलेली बाटली हमखास वेगळी निघते. कडेने मास्किंग टेप लावावा. गंज असल्यास वॉटर पेपरची बारीक घडी करून तेवढाच खरवडावा, स्पिरिटने पुसावे. पत्रा उघडा असेल तर आधी प्रायमर, वाळल्यावर बारीक ब्रशने रंगाचे पातळ थर, शेवटी लॅकर. एकाच थरात खड्डा बुजवायला जाऊ नये. आठवडाभर वाळू दिल्यावर 2000 नंबरच्या ओल्या पेपरने उंचवटा सपाट करून कंपाऊंड मारावे. जवळून पाहिल्यास डाग दिसेल, मेटॅलिक रंगात तर नक्कीच, आणि उन्हाने फिक्या पडलेल्या गाडीवर अधिकच. पण पत्रा वाचेल.

वेळ सकाळची घ्यावी, जागा सावलीची. मे महिन्यातल्या वऱ्हाडी उन्हात पत्रा इतका तापतो की रंग पसरण्याआधीच सुकतो. भर पावसाच्या दमट हवेत लॅकर पांढुरके पडू शकते. थिनरजवळ बिडी किंवा शेगडी नको, हे सांगायला नको, तरीही सांगितले.

विम्याचा हिशेबही करावा. कारच्या दाव्यात 1500 सीसीपर्यंत पहिले 1000 रुपये, त्यावरच्या इंजिनाला 2000 रुपये मालकालाच सोसावे लागतात. शिवाय दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर 20 टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर 50 टक्के सूट मिळते. बोटभर ओरखड्याच्या दाव्यात ती सूट साधारणपणे जाते.

आमच्या पेंटर बांधवांना हे वाचून धंदा बुडेल असे वाटण्याचे कारण नाही. छतावर लॅकर सोलले असेल, पत्रा दबला असेल, दोन पॅनेलवर चरा गेला असेल, तर ते काम हाताने ब्रश फिरवणाऱ्याचे नाहीच. उलट छोट्या टचअपचा ठराविक दर लावून तासाभरात गाडी सोडणारा कारागीर मोठ्या कामालाही आठवतो. आपण ज्याला "ड्यूको" म्हणतो तो शब्दही मुळात ड्यूपाँ कंपनीच्या झटपट वाळणाऱ्या रंगाचा. 1920 च्या दशकात तो आला, तेव्हा एका गाडीच्या रंगाला लागणारे आठवडे वाचले. आणि रंग मारण्याआधी गिऱ्हाईकाला एक गोष्ट जरूर विचारावी : वरून चमकीचे पॉलिश लावले होते काय? त्यातले सिलिकॉन पुरते निघाले नसेल तर नवा रंग जागोजागी फाटतो, बारीक खळगे पडतात, आणि दोष मात्र पेंटरच्या नावावर जातो.