विश्लेषण : आजोबांचे जुने रिव्हॉल्व्हर ठेवा ठरते की गुन्हा?

जुने कपाट आवरताना चामडी कव्हरमधले छोटे रिव्हॉल्व्हर हाती लागते. परवाना आजोबांच्या नावावर, तोही केव्हाच संपलेला. ‘इतके जुने आहे, चालतही नसेल, आठवण म्हणून राहू दे,’ असे घरात ठरते. अमेरिकेत अशा छोट्या रिव्हॉल्व्हरचा संग्रह करणे हा जुना आणि लोकप्रिय छंद आहे. भारतात मात्र हीच आठवण तुरुंगापर्यंत नेऊ शकते. हा छंद नेमका काय आहे आणि दोन देशांतील फरक कशामुळे पडतो, याचा आढावा.

लहान कॅलिबर म्हणजे काय?

बंदुकीच्या नळीचा आतला व्यास म्हणजे कॅलिबर. आपल्याकडे त्यालाच बोअर म्हणतात. पॉइंट २२ म्हणजे सुमारे ५.६ मिलिमीटर, तर पॉइंट ३२ म्हणजे साधारण ८ मिलिमीटर. गोळी लहान असल्याने हाताला बसणारा धक्का कमी आणि काडतूसही स्वस्त. त्यामुळे नेमबाजी शिकणाऱ्यांची सुरुवात बहुधा पॉइंट २२ पासून होते. पण लहान म्हणजे निरुपद्रवी नव्हे. पॉइंट २२ लाँग रायफल काडतुसांच्या खोक्यांवर गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते, असा इशारा छापलेला असतो.

या रिव्हॉल्व्हरची सुरुवात कशी झाली?

१८५७ मध्ये अमेरिकेतील ‘स्मिथ अँड वेसन’ कंपनीने ‘मॉडेल १’ हे सात गोळ्यांचे पॉइंट २२ रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. तोवर रिव्हॉल्व्हरमध्ये दारू, गोळी आणि टोपी वेगवेगळी भरावी लागे. मॉडेल १ मध्ये तयार धातूचे काडतूस मागून सरकवता येत होते. त्यासाठी आरपार छिद्रे असलेल्या सिलिंडरचे पेटंट रोलिन व्हाइट यांच्याकडे होते. कंपनी त्यांना प्रत्येक नगामागे २५ सेंट देत असे. हे पेटंट १८६९ मध्ये संपले आणि मग इतर उत्पादकांना ही वाट खुली झाली. मॉडेल १ चे उत्पादन १८८२ पर्यंत चालले आणि तीन टप्प्यांत मिळून अडीच लाखांहून अधिक नग तयार झाले. त्यातील पहिल्या टप्प्यातले जेमतेम १२ हजार. म्हणूनच संग्राहकांची नजर त्यांवर असते.

संग्राहक काय पाहतात?

पहिली गोष्ट म्हणजे अस्सलपणा. मूळ पॉलिश, मूळ मूठ, अनुक्रमांक जुळणारे भाग, मूळ खोका आणि कारखान्याच्या दफ्तरातून मिळालेले पत्र यांवर किंमत ठरते. जुन्या रिव्हॉल्व्हरला हौसेने नवे पॉलिश चढवले की ते चकाकते, पण त्याचे मोल घटते.

दुसरी गोष्ट कथा. ‘स्मिथ अँड वेसन’चे १९०२ ते १९२१ या काळातील ‘लेडीस्मिथ’ हे तळहातावर मावणारे पॉइंट २२ रिव्हॉल्व्हर आजही संग्राहकांना हवेसे वाटते. बदनाम वस्तीतील स्त्रिया ते वापरू लागल्याने कंपनीने उत्पादन थांबवले, अशी दंतकथा सांगितली जाते. जाणकार मात्र कथेला नव्हे, कागदाला किंमत देतात.

अस्सलपणा आणि सुरक्षितता यांत पेच कसा पडतो?

याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९५३ मध्ये आलेले रुगर कंपनीचे ‘सिंगल सिक्स’. सुरुवातीच्या रचनेत घोड्याखालच्या कप्प्यात काडतूस असताना शस्त्र खाली पडले, तर गोळी सुटण्याचा धोका होता. म्हणून सहाऐवजी पाचच गोळ्या भरून घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवावा लागे. १९७३ मध्ये कंपनीने सुरक्षित रचना आणली आणि जुन्या नगांमध्येही विनामूल्य बदल करून देण्याची सोय केली. पण बदल न केलेले नग संग्राहक अधिक मोलाचे मानतात. त्यामुळे कंपनी काढलेले मूळ भागही मालकाला परत देते.

वापरातही पथ्ये असतात. पॉइंट २२ काडतुसात पेट घेणारे द्रव्य कडेच्या किनारीत असते. म्हणून अनेक जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये रिकामा चाप ओढल्यास पिन थेट सिलिंडरच्या कडेवर आदळून खाच पडते. ‘मॉडेल १’ काळ्या दारूच्या कमजोर काडतुसांसाठी बनलेले असल्याने त्यात आजचे काडतूस झाडणे धोक्याचे. चामड्याच्या कव्हरमध्ये वर्षानुवर्षे ठेवणेही चूक, कारण चामडे ओलावा धरते आणि लोखंडाला गंज चढतो.

अमेरिकेत आणि भारतात फरक काय?

अमेरिकेत संग्राहकांना वय उपयोगी पडते. तेथील १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेले शस्त्र ‘अँटिक’ ठरते आणि त्याला बहुतेक केंद्रीय बंधने लागू होत नाहीत. ५० वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी संग्राहकांचा वेगळा परवाना आहे.

भारतात वयाइतकीच, किंबहुना अधिक, क्षमता पाहिली जाते. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४५ मधील सूट जुन्या वा मोडक्या शस्त्रांना मिळते, पण ते शस्त्र दुरुस्तीनंतरही चालवता येणार नसेल तरच. म्हणजे आज न चालणारे, पण एक स्प्रिंग बदलली की चालणारे रिव्हॉल्व्हर या सवलतीत बसत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने ‘क्युरिओ’ म्हणून ठेवायच्या अँटिक लहान शस्त्रांना परवान्यातून मोकळीक दिली. तरीही ती वापरण्यासाठी वा वाहून नेण्यासाठी परवाना लागतोच. आपले शस्त्र या व्याख्येत बसते की नाही, हे घरच्या घरी ठरवू नये.

भारतात संग्रह का अवघड?

पहिले कारण बोअरचे. पॉइंट ३८० आणि पॉइंट ४५५ ची किनारीची काडतुसे किंवा सैनिकी ९ मिलिमीटर काडतुसे चालणारी रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुले प्रतिबंधित गटात येतात. सामान्य परवानाधारकासाठी मुख्यतः पॉइंट ३२ आणि पॉइंट २२ उरतात. सरकारी आयुध निर्माणींचे पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर आणि २०१४ मध्ये कानपूरहून आलेले ‘निर्भीक’ ही त्याची उदाहरणे.

दुसरे कारण संख्येचे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारशाने आलेली शस्त्रेही त्यात मोजली जातात. नेमबाजी क्लबच्या सदस्यांना सरावाच्या पॉइंट २२ रायफलसाठी या मर्यादेतून सूट आहे. कायद्याच्या त्या तरतुदीत रिव्हॉल्व्हरचा उल्लेख नाही.

घरात असे रिव्हॉल्व्हर सापडल्यास काय करावे?

विनापरवाना साधे अग्निशस्त्र बाळगल्यास आता दोन ते पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. प्रतिबंधित बोअरसाठी शिक्षा अधिक कडक आहे. जुनी काडतुसेही याच कायद्याखाली येतात. परवानाधारकाचे निधन झाले किंवा परवाना संपला, तर शस्त्र विनाकारण विलंब न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे कलम २१ सांगते. स्वतः घेऊन निघण्यापूर्वी ठाण्याला कळवणे आणि जमा केल्याची पावती घेणे शहाणपणाचे. चाप ओढून ‘चालते का’ हे पाहू नये.

जमा करणे म्हणजे कायमचे गमावणे नव्हे. कायदेशीर वारस स्वतःच्या नावावर परवान्यासाठी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कार्यालयात अर्ज करू शकतो. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारक हयात असतानाही हे शक्य आहे. त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर तो वारसाचे नाव सुचवू शकतो. आजोबा समोर असतानाच हा अर्ज झाला, तर त्यांची आठवण घरात राहते आणि नातवंडांना पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागत नाही.