सरळ रस्त्यावर अडणारे चक्र

मोटार दगा देते ती वळणावर, अशी आपली जुनी समजूत आहे. घाटाच्या तोंडाशी नारळ फोडायचा, खंडाळा किंवा खंबाटकी उतरेपर्यंत गप्पा आवरत्या घ्यायच्या आणि सपाटी लागली की मागच्या सीटवर डबा उघडायचा, ही आपल्या प्रवासाची रीत. त्यामुळे सरळसोट, रुंद रस्त्यावर, चांगल्या हवेत, नव्याकोऱ्या गाडीचे स्टिअरिंग अडते असे कोणी सांगू लागला, की ऐकणारा प्रथम गाडीकडे पाहत नाही, सांगणाऱ्याकडे पाहतो. गृहस्थांना झोप आली असेल, बाईसाहेबांना नव्या गाडीची सवय नसेल, असे त्याच्या मनात येते. अमेरिकेत २०२१ नंतर होंडा सिव्हिकचे नवे मॉडेल घेणाऱ्या पुष्कळ मालकांच्या वाट्याला ही नजर आली. पुढे त्यांचेच म्हणणे खरे ठरले. ते कसे ठरले, ही हकीकत मोठी वाचनीय आहे; आणि आता आपल्याकडेही लांबलचक सरळ रस्ते झाले असल्यामुळे ती अगदीच परक्या मुलखातली राहिलेली नाही.

या मालकांचे अनुभव थोड्याफार फरकाने सारखेच. गाडी नवी, फारशी न चाललेली. शहरात काही तक्रार नाही. हमरस्त्याला लागून बराच वेळ एका वेगाने गेले, म्हणजे मग प्रकार सुरू होतो. रस्ता किंचित कललेला असतो, किंवा वारा बाजूने येतो, म्हणून चक्र केसभर फिरवावे, तर ते फिरत नाही. अगदी घट्ट बसलेले नव्हे. एखाद्या खाचेत बसल्यासारखे. थोडा अधिक जोर लावला की ते सुटते, पण सुटते ते एकदम, आणि हवे होते त्यापेक्षा जास्त फिरून जाते. मग उलट्या बाजूला सावरावे, तर तिथेही तेच. शेजारी बसलेल्याला एवढेच दिसते, की चालवणारा आज सरळ चालवत नाही.

इथे वाचकांतले कोणी म्हणतील, केसभराची तर गोष्ट! तर मग थोडे गणित करू. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. तिचे तोंड रस्त्याच्या रेषेपासून फक्त एक अंशाने वळले, तर सेकंदाला ती जवळजवळ अर्धा मीटर बाजूला सरकते. हमरस्त्यावरची मार्गिका साडेतीन-पावणेचार मीटर रुंद, मोटार पावणेदोन-दोन मीटर. म्हणजे दोन्ही अंगांना राहिला एकेक मीटर, फार तर थोडा कमी. दोन सेकंदांत तो संपतो आणि शेजारच्या मार्गिकेत ट्रक असतो. म्हणूनच सरळ रस्त्यावर आपले हात स्वस्थ आहेत असे वाटते तेव्हा ते मुळीच स्वस्थ नसतात. क्षणाक्षणाला ते चक्र जरासे इकडे, जरासे तिकडे करीत असतात. सायकल शिकलेल्या माणसाला तोल सांभाळल्याचे जसे कळत नाही, तसे हे आपल्याला कळत नाही. हे न कळता होणारे काम एकदम कळू लागते, तेव्हा माणूस दचकतो. वीस-पंचवीस वर्षे गाडी चालवलेला माणूस तर अधिकच दचकतो.

चक्र अडते कशाने? त्यासाठी हल्लीच्या स्टिअरिंगची रचना थोडी समजून घ्यायला हवी. जुन्या काळी मोटार वळवायची ती दंडाच्या बळावर. ॲम्बॅसडर किंवा फियाट उभ्या जागी वळवताना घरच्या कर्त्या पुरुषाचा चेहरा कसा लाल होई, हे ज्यांनी मागच्या सीटवरून पाहिले आहे त्यांना ते सांगायला नको. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९५१ मध्ये तेलाच्या दाबाने चक्र हलके करणारी योजना आपल्या विक्रीच्या मोटारीत आणली. पुढे १९८८ मध्ये जपानच्या सुझुकीने सर्व्हो या चिमुकल्या गाडीत तेलाऐवजी विजेची मोटर बसवली. आज आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक नव्या गाड्यांत ही विजेचीच योजना आहे. चालकाने चक्राला किती पीळ दिला हे एक संवेदक मोजतो, त्यावरून गाडीतला संगणक हिशेब करतो आणि छोटी मोटर त्या प्रमाणात मदतीला धावते. या मोटरचे बळ चाकांपर्यंत नेण्यासाठी मध्ये एक मळसूत्रासारखा दांडा आणि त्यात गुंतलेले दंतचक्र असते. दोहोंत फट राहून खडखड होऊ नये म्हणून एक स्प्रिंग दांड्याला दंतचक्रावर दाबून धरते, आणि दोघांमध्ये वंगणाचा पातळ थर असतो.

सारी मेख या थरात होती. कंपनीने पुढे दिलेल्या कारणाप्रमाणे हे दंतचक्र घडवण्यातच चूक राहिली होती. त्यामुळे वंगणाचा थर पातळ पडे, घर्षण वाढे आणि चक्र फिरवायला जोर लागे. शहरात आपण सारखे वळत असतो, तेव्हा दात फिरत राहतात आणि वंगण पसरत राहते. सरळ रस्त्यावर मात्र तेच दोन-चार दात तासन्‌तास एकमेकांवर दबून बसतात. आणि पदार्थविज्ञानाचा नियम असा, की थांबलेल्या वस्तूला हलवायला जितका जोर लागतो तितका हलत्या वस्तूला हलती ठेवायला लागत नाही. जड कपाट सरकवताना हे आपण दर दिवाळीच्या साफसफाईत अनुभवतो: आधी मुळीच हलत नाही, आणि हलले की भिंतीलाच जाऊन आदळते. मौज अशी, की सारंगीचा गज तारेवर क्षणोक्षणी असाच चिकटतो आणि सुटतो, म्हणून सारंगी गाते. जे गजाला राळ लावून मुद्दाम साधायचे, ते स्टिअरिंगमध्ये होऊ नये म्हणून वंगण घालायचे!

आता गाडी दुरुस्तीला नेली की काय होई ते पाहा. कारागीर चक्र डावीकडे फिरवतो, उजवीकडे फिरवतो, लोण्यासारखे फिरते. गाडी घेऊन तो आसपासच्या रस्त्यांवर दहा मिनिटांची फेरी मारून येतो. त्यात आठ वळणे आणि चार सिग्नल. दोष दिसावा तरी कसा? दाताच्या डॉक्टरच्या दारात दाढ दुखायची थांबते, त्यातलाच हा प्रकार. मग टायरमधली हवा पाहिली जाते, चाकांची अलाइनमेंट केली जाते आणि कागदावर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो. अनेकांनी पहिला दोष दिला तो मार्गिकेत राहायला मदत करणाऱ्या नव्या यंत्रणेला. हीसुद्धा चक्राला आपण होऊन ओढ देते, त्यामुळे संशय रास्तच होता. परंतु ती बंद करूनही खाच जाईना, तेव्हा तो संशय मावळला.

माझा धंदा मराठी शिकवण्याचा. त्यामुळे या प्रकरणात माझे लक्ष यंत्राइतकेच शब्दांकडे गेले. या मालकांपाशी आपल्या अनुभवाला तयार नाव नव्हते. ‘स्टिअरिंग जड आहे’ म्हणावे तर ते एरवी जड नव्हते. ‘जाम झाले’ म्हणावे तर पूर्ण जाम कधीच होत नव्हते. ‘गाडी ओढते’ याचा अर्थ दुरुस्तीच्या दुकानात निराळा. लोक धडपडत होते, कोणी चिकटते म्हणत होते, कोणी खाचेत बसते म्हणत होते. ‘स्टिकी स्टिअरिंग’, म्हणजे चिकटणारे स्टिअरिंग, हा शब्द रुळला तो असा. आणि तो रुळल्यावर एकाला दुसऱ्याची तक्रार ओळखू येऊ लागली. दुखण्याला नाव मिळाले की रोगी एकटा राहत नाही. आपल्या मराठीत याला ‘चक्र आखडते’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. सकाळी उठल्यावर मान आखडते, थोडी हलवली की मोकळी होते आणि दिवसभर खुर्चीत बसले की पुन्हा आखडते, तसेच हे.

या नाव मिळालेल्या तक्रारी अमेरिकेतल्या रस्तेसुरक्षेच्या सरकारी खात्याकडे एकेक करून जमा होत गेल्या. तिथे कोणाही मालकाला आपला अनुभव नोंदवता येतो आणि तो सर्वांना वाचता येतो. मार्च २०२३ मध्ये या खात्याने चौकशी सुरू केली, तेव्हा तिच्यासमोर फक्त १४५ तक्रारी होत्या. चौकशीत आलेल्या गाड्या मात्र दोन लाखांच्या वर. हे प्रमाण पाहून एखाद्या फडणिसाने फाइल बाजूला ठेवली असती तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण त्या १४५ जणांचे सांगणे जुळत होते: गाडी नवी, वेग हमरस्त्याचा, अडते ते मध्यावर, आणि सुटते ते झटक्याने. एकमेकांना न पाहिलेल्या साक्षीदारांची जबानी अशी जुळते तेव्हा न्यायाधीशही कान टवकारतो. त्याच वर्षाच्या अखेरीस चौकशी पुढच्या, अधिक खोल टप्प्यात गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने अमेरिकेतल्या सुमारे १७ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांत २०२२ ते २०२५ सालांच्या सिव्हिक होत्या, सीआर-व्ही आणि एचआर-व्ही होत्या, ॲक्युरा इंटिग्राही होती. हमीच्या मुदतीत दुरुस्तीसाठी आलेले दावेच तोवर दहा हजारांवर गेले होते. या दोषामुळे कोणी दगावल्याची किंवा जखमी झाल्याची नोंद आपल्याकडे नाही, असे कंपनीने त्या वेळी सांगितले.

आणि इलाज? सुधारलेली स्प्रिंग बसवायची, आणि गरजेप्रमाणे वंगण नीट पसरायचे किंवा नवे घालायचे. मालकाला खर्च नाही.

सिव्हिकचे हे मॉडेल आपल्याकडे विक्रीला आले नाही. आधीच्या पिढीची सिव्हिक २०२० च्या अखेरीस भारतात बंद झाली. तेव्हा आपल्या दाराशी उभ्या असलेल्या गाडीकडे पाहून कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही. पण चक्र आखडण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांतली काही आपल्या हवेतच जन्म घेतात. आमच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ, त्यांना सगळी आळी नाना म्हणते, मुलीकडे नागपूरला समृद्धी महामार्गाने गेले. मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पुरा खुला झाला. त्यावर मैलोन्‌मैल चक्र हलवावेच लागत नाही. परत आल्यावर नाना म्हणाले, ‘‘सर, गाडी वळली की चाक आपोआप सरळ होत नाही हो. मलाच आणावं लागतं.’’ गॅरेजवाल्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘काका, वय झालं गाडीचं.’’ नाना हिशेबखात्यात आयुष्य काढलेले. त्यांनी खिशातून कागद काढला. किती किलोमीटरनंतर, कोणत्या वेगाला, पाऊस होता की ऊन, सारे त्यावर मांडलेले. तो कागद पाहून गॅरेजवाल्याने गाडी खड्ड्यावर घेतली. चक्राचा दांडा खाली जातो तिथे त्याला वळवणारा एक सांधा असतो, युनिव्हर्सल जॉइंट. तो पावसाळ्यांच्या पाण्याने गंजून घट्ट झाला होता. सांधा बदलला आणि नानांचे चक्र पुन्हा आपल्या पायांनी घरी परतू लागले.

आपल्याकडे मोटारी परत बोलावण्याची पद्धत प्रथम उत्पादकांच्या संघटनेने जुलै २०१२ पासून स्वेच्छेची म्हणून घालून घेतली. पुढे मोटार वाहन कायद्यात २०१९ ची दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम आले आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम काढण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्याखालचे नियम एप्रिल २०२१ पासून अमलात आहेत. पुरेशा मालकांनी तक्रारी नोंदवल्या तर त्यांवरून चौकशी व्हावी, अशी तजवीज या कायद्यातही आहे. अडचण आहे ती आपल्या स्वभावाची. सेवाकेंद्रातल्या मुलाशी अर्धा तास हुज्जत घालायला आपली ना नसते, घरी येऊन चहाबरोबर ती पुन्हा सांगायलाही नसते. पण चार ओळी लिहून नोंदवायच्या म्हटल्या की ‘एकट्याने काय होणार’ हे वाक्य येते. त्या १४५ जणांपैकी प्रत्येक जण एकटाच होता.

लिहायचे ते विशेषणे टाळून लिहावे. ‘अत्यंत धोकादायक’ याने कारागिराला काहीच समजत नाही. गाडी सुरू करून किती वेळ झाला होता, वेग किती, चक्र मध्यावर अडते की वळवल्यावर, सुटते ते हळू की झटक्याने, मार्गिकेची यंत्रणा बंद करून पाहिली का, हवा गरम होती का, आणि चक्र एकदा पूर्ण फिरवल्यावर काही काळ बरे वाटते का, एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले. प्रवासात असे जाणवले तर जोर लावून झगडत बसू नये. दोन्ही हात चक्रावर ठेवून वेग हळूहळू उतरवावा, डावीकडच्या मार्गिकेत यावे आणि पुढच्या थांब्याला उतरावे. गॅरेजमध्ये दाखवायला नेलीत तर कारागिराला आपल्या शेजारी बसवावे, आणि चाचणीची फेरी गल्लीतून न मारता त्याला निदान टोलनाक्यापर्यंत नेऊन आणावे. टोल आपण भरावा.