पॉवर स्टीअरिंगच्या पंपाची गळती

बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय अथवा घाटाखाली काय, मृगाचा पाऊस पडताच ट्रॅक्टर एक दिवसही उभा ठेवणे परवडत नाही. सबब पॉवर स्टीअरिंगच्या पंपातून तेल गळू लागल्यास पुष्कळ शेतकरी बंधू वरून तेल ओतून काम रेटतात. हे हितावह नव्हे. तेल घटले की पंपात हवा शिरते, आतील भाग झिजतात, आणि राजूर घाटासारख्या उतारावर स्टीअरिंग एकाएकी जड झाल्यास प्राणावर बेतते.

पक्की खूण धरल्यावाचून शिवेची मोजणी नीट होत नाही. तद्वत गळतीचे मूळ ठरल्यावाचून पाना हाती घेऊ नये. पंप पुसून कोरडा करावा, ब्रेक लावून इंजिन मंद चालवावे व पुठ्ठा धरून पाहावे. बोट कदापि लावू नये. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडीत शिरते, व तसे झाल्यास तत्काळ डॉक्टर गाठावा.

गळती व्हॉल्व्हच्या बुचापाशीच असेल, तर बहुधा तेथील रबरी कडी कडक झालेली असते. इंजिन बंद करून निवू द्यावे, अवजार भुईस टेकवावे, स्टीअरिंग दोहोंकडे फिरवून दाब उतरवावा. बूच सावकाश उघडून स्प्रिंग व चकत्या निघतील त्या क्रमाने स्वच्छ फडक्यावर मांडाव्या. तेलाचा दाब त्यांवरच ठरतो. त्याच मापाची, तेल सोसणारी नवी कडी तेल लावून बसवावी. सूत गुंडाळू नये. त्याचे धागे तेलाच्या वाटेत अडकतात.

नंतर पुस्तिकेत सांगितलेलेच तेल भरून, इंजिन मंद ठेवून स्टीअरिंग दोन्ही टोकांस हळू फिरवावे. फेस जिरला म्हणजे हवा निघाली. गळती दांड्यापाशी वा चिरलेल्या अंगातून असल्यास मात्र मिस्त्रीकडेच जावे. ही तपासणी वैशाखातच उरकणे आम्हांस इष्ट वाटते.