मनाचा सारथी थकतो तेव्हा

कागदावर हिरव्या शाईने ‘लाल’ हा शब्द लिहावा आणि पाहणाऱ्यास केवळ शाईचा रंग विचारावा. तो क्षणभर अडखळतो. वाचनाची सवय ‘लाल’ म्हणू पाहते. तिला आवरून ‘हिरवा’ असे उत्तर द्यावे लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेला या तत्त्वावरील प्रयोग आजही प्रयोगशाळांत केला जातो.

सवयीला लगाम घालणारी ही शक्ती मनाच्या कार्यकारी क्रियांपैकी एक होय. २००० साली अकिरा मियाके व त्यांच्या सहकाऱ्यांनी १३७ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेऊन अशा तीन क्रिया वेगळ्या दाखविल्या: आपोआप होणारी प्रतिक्रिया रोखणे, हाताशी असलेली माहिती स्मरणात अद्ययावत राखणे आणि एका कामावरून दुसऱ्याकडे लक्ष वळविणे. मनोरथाच्या या सारथ्यात कपाळामागील ललाटखंडाचा पुढील भाग मोठा वाटा उचलतो, आणि त्याचा विकास विशीच्या मध्यापर्यंत चालूच असतो. नेमक्या याच वयात विद्यार्थी घर सोडतो आणि आपला दिवस स्वतः आखू लागतो.

नैराश्याचा विकारही पुष्कळदा याच वयात प्रथम डोके वर काढतो. हॅना स्नायडर यांनी २०१३ साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र पडताळले, तेव्हा नैराश्यग्रस्तांची या तिन्ही क्रियांतील कामगिरी सरासरीने उणी आढळली. दुःखद विचार मनात घोळत राहिले, की अभ्यासासाठी लक्ष उरत नाही. पुस्तक उघडे असते, पण पान उलटत नाही. काम रखडते आणि त्या अपयशाने तेच विचार अधिक बळावतात.

घरच्यांना मात्र हा आळस वाटतो. परंतु पाय मुरगळलेल्यास ‘धाव’ म्हणून काय उपयोग? मोठे काम लहान पायऱ्यांत लिहून देणे, झोपेची वेळ सांभाळणे आणि दोषारोप टाळणे, एवढे आपण निश्चित करू शकतो. उदासी किंवा निरुत्साह दोन आठवडे सतत टिकल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. जगणे नकोसे वाटू लागल्यास तर क्षणाचाही विलंब नको. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. नैराश्यावर उपचार आहेत, आणि थकलेल्या सारथ्याच्या हाती लगाम पुन्हा येऊ शकतो.